पश्चिमेचं आभाळ पाहून तिफण जुंपू नका: रोहिणी ते आर्द्रा, सोलापूर जिल्ह्यासाठी सल्ला

मे सरत आला की सोलापूरचं आभाळ बदलतं. तोवर वळवाचे दिवस असतात: दुपारनंतर काळंभोर उठायचं, वारा सुटायचा, विजा कडाडायच्या आणि अर्ध्या-पाऊण तासात बरसून मोकळं व्हायचं. आता सकाळपासूनच पश्चिमेकडून ढगांची रांग लागते. ढग ठेंगणे, करडे आणि वेगात पळणारे. दिवसभर ऊन-सावली चालते, पारा दोन-चार अंशांनी उतरतो, पण हवा दमट झाल्यानं अंगावरचा घाम वाळत नाही. मोबाईलवर कोकणातल्या पावसाचे व्हिडिओ फिरायला लागतात आणि बार्शीपासून मंगळवेढ्यापर्यंत बियाण्याच्या दुकानांपुढे गर्दी होते.

हा सल्ला त्याच दिवसांसाठी आहे. रोहिणी लागल्यापासून आर्द्रा निघेपर्यंतचे साधारण सहा आठवडे. या पश्चिमेच्या ढगांच्या भरवशावर जिरायती पेरणीचा निर्णय घेऊ नका. डाळिंब आणि द्राक्षाच्या बागेत मात्र हेच ढग एक थेंब न पाडताही रोग आणतात, तिथं एक दिवसही वाट पाहू नका. जिरायतदारानं थांबायचं आणि बागायतदारानं धावायचं, असे हे दिवस आहेत. दोन्हीकडे उलटं झालेलं दरवर्षी दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

ढग येतात, पाऊस का येत नाही

अरबी समुद्र आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. मेअखेरीला समुद्रावरून येणारा नैऋत्येचा आणि पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि बाष्प घेऊन किनाऱ्याकडे सरकतो. पण मान्सून पुरता बसेपर्यंत हे बाष्प खालच्या दीड-दोन किलोमीटरच्या थरातच अडकलेलं असतं. त्याच्या वर अरबस्तानाकडून आलेली गरम आणि कोरडी हवा पसरलेली असते. खालची दमट हवा वर चढू लागली की या गरम थराखाली अडते. ढग आडवा पसरतो, उंच होत नाही. थेंब एकमेकांवर आदळून पाऊस पडण्याएवढे मोठे व्हायला ढगाला उंची लागते, ती या ढगांना मिळत नाही. किनाऱ्यावर त्यातून भुरभुर होते, फार तर एखादी सर.

त्यातून जे पुढे सरकतं त्याला सह्याद्री अडवतो. वारा घाट चढताना थंड होतो आणि बाष्प तिथंच सांडतं. म्हणून महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि सोलापूर जिल्ह्याची सरासरी जेमतेम साडेपाचशेच्या आसपास राहते. घाट उतरून पठारावर येताना तीच हवा दाबली जाते, तापते, कोरडी होते आणि ढग विरत जातो. माळशिरस, सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर हा सगळा पट्टा पर्जन्यछायेत आहे तो यामुळेच. आपल्या डोक्यावरून पळतात ते त्या ढगांचे उरलेसुरले तुकडे.

किनाऱ्याचा पाऊस आपल्याला मिळतो तो आभाळातून कमी आणि नदीतून जास्त. भीमाशंकर, मुळशी, पवनेच्या घाटमाथ्यावर पडलेलं पाणी भीमेतून उजनीत येतं. ११७ टीएमसीचं हे धरण सोलापूरच्या पावसावर भरत नाही, पुणे जिल्ह्याच्या घाटावरच्या पावसावर भरतं. तेव्हा ज्यांचा ऊस, केळी उजनीच्या कालव्यावर आहे त्यांनी घाटातल्या बातम्यांकडे जरूर लक्ष ठेवावं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, बार्शीच्या जिरायती रानाचा त्या बातम्यांशी थेट संबंध नाही.

आपला खरा पाऊस वेगळ्या वाटेनं येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते तेलंगणा-मराठवाड्याकडे सरकलं की पूर्वेचं आभाळ भरतं आणि आपल्याकडे दमदार पाऊस होतो. सरासरी काढली तर सोलापूरला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, जूनमध्ये नाही. हा जिल्हा पिढ्यानपिढ्या रब्बी ज्वारीचा राहिला आहे, त्यामागे हेच गणित आहे.

सगळे ढग सारखे नसतात हे शास्त्रज्ञांनीही इथंच तपासलं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आभाळात विमानं नेऊन ढगांत बीजारोपणाचे, म्हणजे पाऊस वाढवण्यासाठी ढगात बारीक कण सोडण्याचे, प्रयोग केले. त्यासाठी २७६ ढग निवडले, तेही वर वाढणारे. बीजारोपण झालेल्या भागात पावसात सुमारे १८ टक्के वाढ दिसली. म्हणजे मुळात ढग वाढणारा असेल तर त्यातून थोडं जास्त पाणी काढता येतं. आडवे, पातळ, पळते ढग त्यांच्याही कामाचे नव्हते.

आभाळ आणि अंदाज, दोन्ही नीट वाचा

सकाळी दहाच्या आत पश्चिमेकडून येणारे, बुड सपाट आणि माथाही सपाट असलेले ढग पाहिले की समजा, बाष्प आलंय पण पाऊस अजून लांब आहे. दुपारी ढगाचा माथा फुगत वर चढताना दिसला, त्याचे कंगोरे ठसठशीत आणि पांढरेशुभ्र असले आणि खालचा वारा एकदम पडला, तर दोन-तीन तासांत वळीव होऊ शकतो. पश्चिमेचा वारा दिवसभर सोसाट्यानं वाहत असेल तर उलट पावसाची शक्यता कमी धरा. तो वारा ढगाला उभं राहू देत नाही.

ग्रुपवर येणाऱ्या उपग्रहाच्या चित्रांनी फार गोंधळ होतो. साध्या उजेडात टिपलेल्या चित्रात ठेंगणा ढगही पांढरा दिसतो आणि उंच ढगही पांढराच. त्यामुळे किनाऱ्यालगत पांढरा पट्टा दिसला की लोक पाऊस आला म्हणतात. हवामान खात्याच्या साइटवर अवरक्त किरणांचं चित्रही असतं, ते उघडा. त्यात ढगाच्या माथ्याचं तापमान कळतं. उंच, थंड माथ्याचे ढग लख्ख पांढरे दिसतात आणि ठेंगणे ढग मळकट करडे. आपल्या जिल्ह्यावर करडं असेल तर बियाण्याची पिशवी उघडू नका.

अंदाजातले शब्दही मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ जिल्ह्यातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याच्याही वर. ‘सोलापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ असं ऐकलं तर चार गावांतल्या तीन गावांना काहीच नाही, हे धरूनच चाला. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कृषी हवामान सल्ला निघतो. मेघदूत ॲपवर तो मराठीत मिळतो. रोजच्या चर्चेपेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवा.

मान्सून आल्याची बातमी आणि पेरणीची वेळ यांत किती अंतर असू शकतं, याची दोन ताजी उदाहरणं आहेत. २०२३ च्या जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ फिरत होतं. वादळानं बाष्प आपल्याकडे ओढून घेतलं, मान्सून कोकणात येऊन अडकला आणि मुंबईला पोचायला २५ जून उजाडला. त्या साऱ्या दिवसांत आपल्याकडे आभाळ आणि वारा भरपूर होता. २०२५ मध्ये याच्या उलट झालं. मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला, मे महिन्यात धो धो पाऊस झाला आणि मग जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल थबकली. लवकर आला म्हणून घाईनं पेरलेल्यांना त्या खंडात पिकं तगवावी लागली. तारखेवर जाऊ नका, ते यासाठी.

पेरणी ओलीवर करा

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, ही शिफारस सगळ्यांना तोंडपाठ आहे. प्रश्न असतो तो मोजण्याचा. ‘आमच्याकडं चांगला झाला’ हे माप नव्हे. सरळ उभ्या बाजूंचा, तळ सपाट असलेला डबा मोकळ्या जागी, झाड-भिंतीपासून लांब ठेवा आणि पाऊस थांबल्यावर आत पट्टी उभी करून पाणी मोजा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. रोज वहीत लिहा. मंडळातल्या महावेध या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा ताडून पाहायला ठीक आहे, पण वळवाचा पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारच्या शिवारात फुफाटा उडत असतो. तुमच्या बांधावरचा डबा तुमच्या रानाचं खरं सांगेल.

त्यानंतर फावडं घ्या. रानात तीन-चार ठिकाणी, उंचवट्यावरही आणि सखल भागातही, हातभर खोल खड्डा घ्या आणि त्याची एक बाजू खरवडून साफ करा. वरून काळीशार ओली माती आणि तिच्याखाली फिक्कट, ढेकळी कोरडी माती अशी रेघ स्पष्ट दिसते. ती रेघ वीतभराच्या खाली गेलेली हवी. चार बोटांवरच रेघ असेल तर पेरलेलं उगवेल, पण मूळ खाली जाऊन कोरड्याला टेकेल आणि आठ दिवसांत रोप माना टाकेल. मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर फुटला तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे. चिखलाचा गोळा तसाच पडून राहिला तर आणखी थांबा. वरची ओल खालच्या ओलीला मिळाली, असं जुनी माणसं म्हणतात, ते हेच.

पश्चिमेच्या वाऱ्याचा हिशोबही यात धरा. या दिवसांत उघड्या पाण्याची वाफ दिवसाला दहा-बारा मिलिमीटरपर्यंत होते. २० मिलिमीटरच्या वळवानं भिजलेली वरची माती त्या वाऱ्यात दोन-तीन दिवसांत कोरडी पडते. दुबार पेरणीचं कारण बहुतेक वेळा बियाणं नसतं, ही उडून गेलेली ओल असते. शेततळ्यातलं राखलेलं पाणीही याच वाऱ्यानं उतरतं, वाऱ्याच्या बाजूला शेवरी किंवा गवताची दाट ओळ असेल तर फरक पडतो.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं नाही. कुळवाची शेवटची पाळी उताराला आडवी घ्या. घरचं सोयाबीन वापरणार असाल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर उगवण पाहा. सत्तरच्या पुढे मोड आले तर एकरी ३० किलो पुरेल, कमी आले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा आणि फारच कमी आले तर ते बियाणं सोडून द्या. तूर, उडीद, मूग, सोयाबीनला पेरणीआधी किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, मग रायझोबियम चोळून सावलीत सुकवा. तूर आणि सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर घेतलं तर खंडात ओल टिकते आणि अतिपावसात पाणी निघूनही जातं.

उशीर झाला तर काय, ही धास्ती घाई करायला लावते. उडीद-मूग जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरा. त्यापुढे गेलं तर पीक सप्टेंबरच्या पावसात सापडतं आणि ज्वारीला रान मोकळं होत नाही, तेव्हा तो नाद सोडा. मग बाजरी आणि तूर दोनास एक, किंवा सूर्यफूल, हुलगा, मटकी असे पर्याय आहेत. भारी काळं रान असलेल्यांना माझं मत स्पष्ट सांगतो: जूनचा पाऊस तोकडा गेला तर ते रान पड ठेवा, आडवे सारे पाडून सप्टेंबरचं पाणी त्यातच मुरवा आणि मालदांडी ज्वारी घ्या. मोहोळच्या केंद्रातून निवडलेलं हे वाण याच मातीसाठी आहे आणि १५ सप्टेंबरपासून महिनाभर त्याच्या पेरणीची घात असते. ज्वारी आणि कडबा मिळून होणारी मिळकत दुबार पेरणीच्या खरिपापेक्षा हमखास चांगली.

डाळिंब आणि द्राक्ष: इथं मात्र वेळ दवडू नका

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या डाळिंबाला तेल्या या ठिपक्यांच्या रोगाची धास्ती नवी नाही. या रोगाच्या जिवाणूला २८ ते ३० अंशांच्या आसपासचं तापमान, दमट हवा आणि पानावर ओल एवढं मिळालं की पुरतं. पश्चिमेचे ढग नेमकं हेच आणतात: कमाल तापमान उतरतं, रात्री उबदार होतात आणि पहाटेची भुरभुर पानं ओली ठेवते. थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर आणि वाऱ्याबरोबर रोग झाडावरून झाडावर जातो.

ढगाळ हवा सुरू झाल्या दिवसापासून सकाळी बागेत फिरा. पान तोडून सूर्याकडे धरा. तेल्याचा ठिपका उजेडात तेलकट, अर्धपारदर्शक दिसतो, कडेला पिवळं वलय असतं. बुरशीचा ठिपका असा उजेड सोडत नाही. फळावर तो आधी तपकिरी-काळा डाग असतो, मग त्याला वाय किंवा एलच्या आकाराची चीर पडते. असं फळ, पान, फांदी पिशवीत भरून बागेबाहेर जाळा, बांधावर टाकू नका. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडिअम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा, एवढ्या एका सवयीनं बाग वाचते. विश्रांतीतल्या बागेत एक टक्का बोर्डो: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. फळं असलेल्या आंबे बहराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा घेतलेल्या) बागेत तीव्रता निम्मी करा. पुढची फवारणी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या वेळापत्रकाप्रमाणे घ्या, दुकानदार सांगेल ती नको.

मृग बहर, म्हणजे जून-जुलैतला फुलोरा, धरायचा की नाही, याचा निर्णयही याच दिवसांत होतो. मागच्या हंगामात बागेत तेल्या होता, तर यंदा मृग सोडा आणि हस्त किंवा आंबे बहराकडे वळा. भाव कितीही दिसत असला तरी रोगट बागेत मृग धरणं म्हणजे संपूर्ण पावसाळा फवारणीत घालवणं आहे.

द्राक्षात नुकसान लगेच दिसत नाही म्हणून ते जास्त घातक. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सुमारे चाळीस ते साठ दिवसांच्या काळात डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती चालते. म्हणजे मेअखेर आणि जून. पुढच्या हंगामाला किती घड येणार हे आत्ताच ठरतं आणि त्याला डोळ्यावर ऊन पडावं लागतं. आठ-दहा दिवस सलग आभाळ राहिलं, त्यात नत्र आणि पाणी जास्त झालं, तर वेल वाढीला लागते आणि ऑक्टोबर छाटणीनंतर गोळीघड (अर्धवट वाढलेले घड) किंवा वांझ फुटी दिसतात. नान्नज, कासेगाव भागातल्या बागायतदारांनी या दिवसांत काड्यांची गर्दी विरळ करावी, बगलफुटी काढाव्यात, शेंडे खुडावेत, नत्र थांबवून स्फुरद-पालाशावर यावं आणि ठिबकची वेळ कमी करावी. ढगाळ पण कोरड्या हवेत भुरी येते, पाऊस-भुरभुर झाली तर कोवळ्या फुटींवर करपा आणि पानामागे डाऊनीची (केवडा रोगाची) पांढरी लव येते. पान उलटून पाहिल्याशिवाय औषध ठरवू नका, कारण या तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

पहिला वळीव झाला की हुमणीचे भुंगेरे

उसाच्या आणि भुईमुगाच्या पट्ट्यात ही एक गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. पहिल्या चांगल्या वळवानंतर हुमणीचे, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या अळीचे, तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात. दिवेलागणीनंतर, साडेसात-आठच्या सुमाराला, बांधावरच्या कडुलिंबाखाली आणि बाभळीखाली उभे राहा. पानांत खसखस ऐकू येते. फांदी काठीनं हलवली की भुंगेरे टपटप पडतात. खाली ताडपत्री अंथरा, गोळा करा, रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. प्रकाश सापळा लावता आला तर उत्तम. एक मादी पन्नासेक अंडी घालते, तेव्हा आज हाताने वेचलेले भुंगेरे ऑगस्टमध्ये मुळाशी औषध ओतण्याचा (आळवणीचा) खर्च वाचवतात. एकट्यानं करून फारसा उपयोग नाही, भुंगेरे शेजारच्या बांधावरून येतात, त्यामुळे सगळ्या शिवारानं सलग आठवडाभर करावं.

कांदा चाळीत असेल तर दमट हवेत काळी बुरशी आणि सड वाढते. बाजूचे पडदे दिवसा उघडे ठेवा, सडका कांदा दर आठवड्याला वेचा आणि भावाची आशा असली तरी मोड फुटू लागलेला माल आधी काढा. कंदर भागातल्या केळीला घड असलेल्या झाडांना टेकू लावून ठेवा, वळवाचा वारा सांगून येत नाही. कडब्याची गंज उंचवट्यावर, वरून ताडपत्री आणि तिला दगडांचं वजन. भिजलेला कडबा काळा पडतो, जनावर तोंड लावत नाही.

विजेबाबत एकच आग्रह. दामिनी ॲप घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर ठेवा, ते जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं. ढग गडगडताना ऐकू आले म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचण्याच्या टप्प्यात आहे. झाडाखाली थांबू नका, बैल-शेळ्या झाडाला बांधून ठेवू नका, तारेच्या कुंपणापासून आणि मोटारीच्या स्टार्टरपासून दूर व्हा. पक्क्या घरात जाता आलं नाही तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे झोपू नका.

पहिल्या पावसानंतर ज्वारीच्या काढलेल्या रानात धाटांना हिरवे पोंगे फुटतात. उन्हाळाभर हिरव्याला आसुसलेली जनावरं त्यावर तुटून पडतात आणि त्यातल्या विषानं त्यांना किराळ लागते. जनावर धापा टाकतं, फेस येतो, थरथरतं आणि थोड्या वेळात दगावतं. असं रान कुळवून टाकल्याशिवाय त्यात जनावर सोडू नका. लक्षणं दिसली तर घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा, १९६२ या क्रमांकावर फिरतं पथक मिळतं. घटसर्प आणि फऱ्याची लस, मेंढ्यांना आंत्रविषाराची लस, ही पावसाआधीच टोचून घ्या. लस दिल्यावर प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून मृग बरसेपर्यंत थांबलात तर उशीर होईल.